उजव्या बाजूचं पोतं

गादीवाल्या मावशींचं दुकान माझ्या केशकर्तनालयाच्या बरोबर समोर. त्यामुळे हे सगळं मी माझ्या आरशात पाहिलेलं आहे. डावं-उजवं इकडचं तिकडे झालं असेल, बाकी शब्दन् शब्द खरा.

मावशी एकोणसत्तर वर्षांच्या. गादी शिवून झाली की काचेआडच्या मोठ्या पलंगावर ती पसरायच्या, चपला काढायच्या, अंबाडा सोडायच्या आणि डोळे मिटून आडव्या व्हायच्या. मग एक सुस्कारा. तो पार पायाच्या अंगठ्यापासून निघायचा, आणि रस्त्यानं चाललेल्या माणसांचे खांदे आपोआप सैल पडायचे. सुस्कारा मधेच अडला, तर गादी उसवून कापूस पुन्हा भरायचा. त्यांच्या गादीवर नवरा-बायकोनं भांडण काढलंच, तर पहिल्याच वाक्यात दोघं घोरायला लागायची. नवी लग्न झालेली मुलगी पलंगाचं माप द्यायला यायची आणि मावशींच्या कानाशी तासभर कुजबुजायची. जाताना तिचे कान लाल आणि चाल बदललेली.

दोघांच्या गादीला मात्र तपासायला दोघं लागतात. पूर्वी उजवीकडे मावशींचे यजमान झोपून बघायचे. ते गेल्यावर मावशींनी बरोबर त्यांच्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं आणि त्याला त्यांचा कोट चढवला. अकरा वर्षं त्या पोत्याशेजारी आडव्या होत होत्या. म्हणायच्या, "स्वभावानं शांत आहे. पण मेलं कूस बदलत नाही."

एका दुपारी रोलरवाले आले. रस्ते दाबायचा रोलर चाळीस वर्षं चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. घाई म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. दारापासून पलंगापर्यंत ते पोचले, तोवर माझी एक अख्खी दाढी उरकली.

"एकट्याची गादी हवी," ते म्हणाले.

"झोपता कुठल्या बाजूला?"

"काठावर. बायको जाऊन सहा वर्षं झाली, पण मधे सरकवत नाही."

मावशींनी गळ्यातली टेप काढून ठेवली. "मग एकट्याची नकोच तुम्हाला. ते पोतं उतरवा खाली आणि आडवे व्हा बघू."

ते आडवे झाले. पलीकडे मावशी. दोघं छताकडे बघत गप्पा मारतायत आणि मावशींचे मोकळे पांढरे केस त्यांच्या बाहीवर! मग त्यांनी कूस बदलली, मावशींनी सुस्कारा सोडला, आणि तारेवरची कबुतरं चक्क खाली बसली.

तेवढ्यात चिरंजीव आले.

"आई! ऊठ आधी! भर बाजारात परक्या माणसाशेजारी? वय काय तुझं?"

"एकोणसत्तर. तू विसरलास होय?"

"लोक काय म्हणतील?"

"ते समोरच्या काकांना विचार. रोज बघतात."

मी घाईनं वस्तरा उचलला. गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली ती तेव्हाच.

चिरंजीवांनी पोत्यातली वाळू रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतली, काचेला कागद चिकटवले आणि 'मऊ', 'मध्यम', 'कडक' अशा चिठ्ठ्या छापून आणल्या. तपासणी बंद. मावशींना कोपऱ्यात मानाची खुर्ची. "आता तू नुसतं बसायचं, आई."

मावशींनी अंबाडा घट्ट बांधला आणि बसल्या. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाल्या, "मान देतात हो मला. कपाटातल्या चांगल्या कपाला देतात तसा. त्यातून कुणी चहा पीत नाही."

"आणि रोलरवाले?"

"रोज दारापर्यंत येतात, खुर्चीत मला बघतात आणि परत फिरतात." त्यांनी कप खाली ठेवला. "या वयात मला घाई नसलेलाच माणूस हवा होता. पण इतकाही संथ नको ना!"

तीन आठवड्यांत गावाची झोप उडाली. शाळेचा शिपाई घंटेला टेकून झोपला आणि पोरं संध्याकाळपर्यंत गणितंच सोडवत बसली. चौकात सगळ्यांनी एकदम जांभई दिली, तेव्हा वाळत घातलेले कपडे त्या दिशेनं ओढले गेले. माझा एक टॉवेल अजून सापडलेला नाही.

शेवटी सूनबाई आपलीच नवी गादी दुकानात घेऊन आली. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

"सासूबाई, मधे खळगा पडलाय. दोघं गडगडत त्यात जातो आणि भांडत उठतो. एवढी नीट भरून तपासून द्या."

मावशींनी दुपारपर्यंत गादी पुन्हा भरली, टाके घातले आणि हात झटकले. "तपासायला दुसरं कोण? पोतं तुझ्या नवऱ्यानं खड्ड्यात घातलं."

"पोतं हवंय कुणाला?" म्हणत सूनबाईनं काचेवरचे कागद टराटरा फाडले आणि तरातरा निघाली. येताना मात्र तिला चौदा वेळा थांबावं लागलं, कारण मागून रोलरवाले येत होते. इस्त्रीचा शर्ट, बगलेत स्वतःची उशी.

चिरंजीव दारात हात पसरून उभे.

"व्हा बाजूला," सूनबाई म्हणाली. "माझ्या बरगडीत अजून तुमचं कोपर दुखतंय."

"अगं, पण आई..."

"आईंना जे कळतं ते आपल्या दोघांना मिळून कळत नाही. गावाला झोप काय चिठ्ठ्यांनी लागत होती?"

जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चिरंजीवांचे हात हळूहळू खाली आले.

मावशींनी चपला काढल्या, अंबाडा सोडला. "कुठली कूस?" रोलरवाल्यांनी विचारलं.

"येईल मनाला ती."

ते मावशींकडे वळले. या वेळी सुस्कारे दोन निघाले, आणि माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक, मी, वस्तरा, सगळे जागच्या जागी ढिले. सूनबाईनं हळूच पडदा ओढला.

तासाभरानं चिरंजीवांनी बाहेरून विचारलं, "आई, झाली का तपासणी?"

"उजवी बाजू झाली, डावी राहिलीय. घाई आहे का कुणाला?"

"मला नाही," आतून दुसरा आवाज आला.

पडदा उघडला तेव्हा मावशी गालात हसत होत्या. "तुमची गादी उद्या नवी भरते, सूनबाई. तपासायला आता माणूस आहे. ही मला ठेवते."

वर मावशींच्या खोलीत गादी न्यायला सूनबाई, मी आणि माझं गिऱ्हाईक असे आम्ही तिघंच पुढे झालो. चौथा कोपरा लोंबकळत होता. चिरंजीव कान खाजवत आले आणि त्यांनी तो उचलला. मागून उशी घेऊन रोलरवाले एकेक पायरी चढत होते. ते वर पोचेपर्यंत आम्ही गादी टाकली, चादर घातली, खाली येऊन चहासुद्धा प्यायलो. मावशी मात्र वर दारातच उभ्या होत्या, केस मोकळे सोडून.