ताईच्या तोंडचं

माझ्या ताईला ऐकू येत नाही आणि माझा नवरा कोणाचं ऐकत नाही, त्यामुळे आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे आहे.

चर्चमध्येही तेच. उपदेशक जे बोलतात ते मी खुर्चीवर बसून पुढच्या बाकावरच्या बहिऱ्या मंडळींना हातांनी सांगते. त्यांच्यापैकी कोणी हातांनी बोललं की ते सगळ्यांना मोठ्याने ऐकवते. या कामात आपली अक्कल पाजळायची नसते. ताई 'मी' म्हणाली की मीही 'मी'च म्हणायचं.

नवे उपदेशक आले आणि हॉल भरू लागला. माणूस बोलायला पटाईत होता. ज्याचा देवावर विश्वास आहे त्याला औषध लागत नाही, असं ते दर रविवारी ठासून सांगायचे. ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. माझे हात हे सांगताना जड व्हायचे, पण सांगत होते.

ताई बेकरीत कामाला आहे. तिला पूर्वी फिट यायची. एकदा भट्टीसमोरच आली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ती न चुकता गोळ्या घेते आणि फिटही आलेली नाही. उपदेशकांच्या कानावर हे गेलं. त्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या रविवारी ही बहीण गोळ्या टाकून देईल आणि आपण बरी झाल्याची साक्ष देईल.

मी भडकले. ताई मात्र शांतपणे घरी आली, हात धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसली. त्यांचं म्हणणं खरं निघावं असं तिला मनापासून वाटत होतं. गोळ्या गिळायची हौस कोणाला असते? आठवडाभर कामावरून आली की ती तेच शोधायची, नखांत पीठ तसंच. प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटदुखीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलेलं तिला सापडलं. त्याच पौलाने आपल्या आजारी सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात मागे ठेवलं होतं. प्रभूने बरे केलेले आंधळे-पांगळेही पानोपानी भेटले. पण औषध टाकून दे, असं तो कोणाला म्हणालेला तिला दिसेना.

"बिरुया गावचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघायचे," ती हातांनी म्हणाली. "मग हे कोण लागून गेले?"

शनिवारी नवऱ्याने मला बाजूला घेतलं. तो चर्चच्या मंडळीचा चिटणीस आहे.

"हे बघ, ती उद्या काहीही बोलू दे. तू मोठ्याने एवढंच म्हण, देवाने मला बरं केलं."

"ती तसं बोलली नाही तर?"

"कोणाला कळणार आहे? किती वर्षांनी हॉल भरायला लागलाय. एका वाक्याने काय बिघडतं?"

"ताईचं काय?"

"तिला कुठे ऐकू येतंय!"

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता.

रविवारी ताईला पुढे बोलावलं. उपदेशकांनी तिच्या हातातली गोळ्यांची बाटली घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाळ्या वाजल्या. "सांग बहिणी, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं?" मी ते हातांनी जसंच्या तसं विचारलं.

ताईने उत्तर दिलं. बाकावरच्या मंडळींना तिचे हात दिसत होते, पण माझा आवाज ऐकू येत नव्हता. बाकी हॉलला माझा आवाज ऐकू येणार होता, पण तिचे हात कळत नव्हते. मी खोटं बोलले असते तर पकडणारं तिथे कोणी नव्हतं. नवरा पहिल्या रांगेतून डोळे वटारून बघत होता.

मी घसा साफ केला. "प्रभूने माझ्यासाठी प्राण दिला. मला फिट येते. गोळ्यांमुळे ती थांबते, आणि त्यासाठी मी त्याचेच आभार मानते. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, हे कुठे लिहिलंय ते मला दाखवा. दाखवलंत तर मी मानेन."

ताईने आपलं शास्त्र उघडून उपदेशकांपुढे धरलं.

ते हसले. "पुस्तक मीट, बहिणी. ही विश्वासाची वेळ आहे."

हे हातांनी सांगताना माझे डोळे भरून आले. ऐकून कदाचित टोचलं नसतं इतकं ते बघून तिला टोचलं. तिने शास्त्र न मिटता तसंच व्यासपीठावर ठेवलं, डब्यातून बाटली काढली, पदराला पुसली आणि उपदेशकांच्याच ग्लासातल्या पाण्याबरोबर दुपारची गोळी घेतली.

"तिला सांग, ही सैतानाची बुद्धी आहे," ते ओरडले.

तेही मी सांगितलं. मग हात खाली घेतले आणि पहिल्यांदाच माझ्या वतीने बोलले. "आता हे माझं. ताई विचारतेय ते मलाही बघायचंय. दाखवा."

त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी गाणं सुरू करायला सांगितलं.

पुढच्या रविवारी गेलो तर पुढच्या बाकासमोरची माझी खुर्ची काढून टाकलेली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान फिरवली. ताई शास्त्र मांडीवर उघडून बसली आणि माझ्या हातांकडे बघू लागली.

मी तिथेच उभी राहिले आणि हात वर केले.