दहा वेळा पाडायचं खोकं

तीन दिवसांचं शिबिर करून बारका परत आला तो वेगळाच माणूस होऊन. असं त्याचं म्हणणं. वहिनीचं म्हणणं, माणूस तोच, फक्त आवाज वाढलाय.

शिबिर यशाचं होतं. हॉटेलचा हॉल, गालाला माइक चिकटवलेले एक सर, समोर दोनशे होतकरू उद्योजक आणि एसी असा की यश मिळो न मिळो, सर्दी नक्की. सरांनी शिकवलं की चिकाटी सोडायची नाही. नकारात्मक बोलायचं नाही. आणि समोरचा तोंड उघडायला लागला की समजायचं, हा शंका काढणार, त्याच्याआधी आपणच बोलून टाकायचं. याला म्हणे संवादकौशल्य म्हणतात. बारक्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. सरांचा स्वतःचा धंदा कोणता, हे विचारायचं तेवढं राहिलं. शिबिरं घेण्याचाच असावा.

बारक्याचा धंदा खोक्यांचा. म्हणजे त्याच्या दादाचा. दोघं भाऊ, वहिनी, दोन मशीनं आणि पत्र्याची शेड. पुठ्ठा कापायचा, घड्या पाडायच्या, खळ लावायची, पिना मारायच्या, झालं खोकं. इतकी वर्षं सगळी खोकी एक साबणाचा कारखाना घ्यायचा. दोन महिन्यांपूर्वी कारखान्याने स्वतःचंच मशीन घेतलं आणि यांना एक सुंदर आभारपत्र पाठवलं. पत्र चांगल्या जाड कागदावर होतं, एवढंच त्यातलं सुख.

आता आशा एकच. मेणबत्तीवाल्या बाई. त्या काचेच्या बरण्यांमध्ये मेणबत्त्या ओततात. त्यांना दोन हजार खोकी हवी होती, एका खोक्यात बारा बरण्या. ही ऑर्डर नाही आली तर दादा मोठं मशीन विकून दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणार होता. गिऱ्हाईक मशीन बघूनही गेलं होतं. रविवारी टेम्पो घेऊन येणार होतं.

दादाची एक सवय होती. नवीन खोकं बनलं की त्यात खरा माल भरायचा आणि छातीच्या उंचीवरून पाडायचं. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सहा बाजूंवर. दहा वेळा. मग उघडून बघायचं.

बारक्याने पहिल्याच दिवशी हे बंद केलं.

"दादा, आपलं खोकं आपणच पाडायचं? हा अपयशाचा सराव झाला."

"सराव कसला? टेस्ट आहे ती."

"टेस्ट म्हणजे शंका. शंका म्हणजे नकारात्मकता."

"आणि बरणी फुटली म्हणजे?"

"बघ! फुटायचा विचार तूच आधी केलास!"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी खळ ढवळत होती.

"ऐका हो त्यांचं," ती म्हणाली. "भावजींनी तीन दिवस थंडी खाल्लीय, वाया नको जायला."

दादाने ऐकलं. मुळात कमी बोलणारा माणूस. त्याला वाटलं, साबणवाले आपण न बोलता गेले, हा बोलून कोणाला आणत असेल तर आणू दे बापडा. त्याच्या मनात खरंच एवढंच होतं.

बुधवारी दोघं भाऊ नमुन्याचं खोकं घेऊन बाईंकडे गेले. लांब टेबल, त्यावर मेणाची पातेली, वाती मापाने कापून गठ्ठ्यात बांधलेल्या. बाईंनी बारा बरण्या खोक्यात स्वतः रचल्या. बारक्याने बोलायला सुरुवात केली.

"हे आतले कप्पे जरा..." बाई म्हणाल्या.

"कप्प्यांकडे येऊच ताई. आधी आमचं व्हिजन सांगतो."

व्हिजन वीस मिनिटं चाललं. साबणवाल्यांनी इतक्या वर्षांत ते एकदाही ऐकलं नव्हतं, नाहीतर कदाचित आधीच गेले असते.

"तळाला पिना किती मारता?"

"पिना नाही ताई, विश्वास. विश्वासाने जोडलेलं खोकं आहे हे."

"ते झालंच. पण पिना किती?"

"तेच सांगतोय ना..." म्हणून त्याने दुसरंच सांगितलं.

बाईंनी मग विचारणं सोडलं. खोकं उचललं, छातीपर्यंत नेलं आणि हात सोडले.

बारापैकी पाच बरण्या फुटल्या. आवाज पन्नासांचा आला. तळ उघडून मेणबत्त्या टेबलाखाली गडगडत गेल्या. कठीण प्रसंगी काय करायचं ते सरांनी शिकवलं होतंच. तीन आकडे मोजायचे आणि हसायचं. बारक्याने मोजले. हसला.

"हसताय काय?"

"नाही, म्हणजे... प्रत्येक अडचण ही एक संधी असते."

"माझी काय, झाडू मारायची?"

दादा तोवर खाली बसून काचा गोळा करायला लागला होता. मान वर न करताच म्हणाला, "बाई, चूक आमची. आम्ही पाडून बघितलं नव्हतं."

"का नाही बघितलं?"

दादा काचा वेचत राहिला. भावाचं नाव घेणं त्याला जमण्यातलं नव्हतं. बारक्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वहीत याच्यावर काही नव्हतं, त्याने मनातल्या मनात पानं उलटून बघितली.

"मीच नको म्हणालो," तो म्हणाला.

पाऊण तासात बाईंनी त्याचं एवढंच वाक्य पूर्ण ऐकलं. मग त्यांनी कोपऱ्यातल्या रिजेक्ट बरण्यांच्या दोन पाट्या दाखवल्या. "या घेऊन जा. शनिवारी परत या. आणि इथे खोकं पाडायचं ते यांनी," त्यांनी बारक्याकडे बोट केलं. "तोंड बंद ठेवून."

गुरुवार, शुक्रवार शेडमध्ये दुसरं काही झालं नाही. पुठ्ठा तीन पदरीचा पाच पदरी केला. तळाच्या पिना आठाच्या चौदा केल्या. कप्प्यांच्या पट्ट्या उंच केल्या. बारका पाडायचा, दादा उघडायचा, दोघं आत डोकं घालायचे. पुन्हा. अकरा खोकी गेली. काचा झाडताना बारक्याचं बोट कापलं तेव्हा वहिनीने पट्टी बांधता बांधता विचारलं, "चिकाटीचे किती दिवस होते हो शिबिरात?"

"अर्धा. जेवणानंतरचा."

"तरीच."

बारावं खोकं दहाही वेळा टिकलं. तेरावं बाईंसाठी.

शनिवारी बाईंच्या खोलीत बारक्याने ते पाडायला घेतलं. कोपरा. कडा. बाजू. एक शब्द नाही. नवव्या वेळी नेमका बाईंचा फोन वाजला, त्या पाठ फिरवून बोलायला लागल्या, आणि खोक्याच्या आत बारीकसा आवाज झाला. कट्. बारक्याने ऐकला. दादाने ऐकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

दहावी वेळ झाली. बाईंनी फोन ठेवला, झाकण उघडलं, वरून नजर फिरवली. बाराच्या बारा बरण्या सरळ उभ्या.

"वा. याला म्हणतात खोकं," म्हणून त्यांनी ऑर्डरची वही ओढली.

मशीन. रविवार. टेम्पो. दादा भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे असा बघत होता जणू तो विकत घ्यायचाय.

"ताई, डावीकडची कोपऱ्यातली उचलून बघा," बारका म्हणाला.

बाईंनी उचलली. बुडापासून वर केसासारखी तडक गेली होती.

"मघाशी आवाज आला. कोपऱ्यातली बरणी खोक्याच्या भिंतीला लागतेय. तिथे दुहेरी पट्टी घालावी लागेल. चारी कोपऱ्यांना."

"येत्या शुक्रवारी माझा माल जायचाय."

"शुक्रवारी नाही होणार. त्यापुढच्या सोमवारी होईल."

"नक्की?"

बारक्याने दादाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग तोंड उघडलं. दादाने मान हलवली.

"हजार होतील सोमवारी," बारका म्हणाला. "दोन हजार नाही."

बाईंनी तडकलेली बरणी हातात फिरवून बघितली. मग त्यांनी वहीत लिहिलं. हजार. "पहिली गाडी धड पोचली तर उरलेली," त्या म्हणाल्या. "फुटली तर आपली ओळख नाही."

बाहेर आल्यावर दादा रस्त्याच्या कडेला थांबला. रिकामं खोकं त्याच्या काखेत होतं. खिशातून फोन काढून त्याने बारक्यापुढे धरला.

"मशीनच्या गिऱ्हाइकाला सांग, उद्या येऊ नको म्हणावं."

"तू सांग ना."

"बोलायचं खातं तुझं." दादा पुढे चालायला लागला, आणि चालता चालताच म्हणाला, "पण थोडक्यात."