मागच्या चाकांवरचं घर

चांगल्या घोड्याच्या मानेवर मारावी तशी वेंडेलने निळ्या पिकअपच्या बॉनेटवर थाप मारली. "हीच," तो म्हणाला.

त्याची बायको ओपल मात्र चालकाचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेला कागद वाचत होती. गावच्या धान्यकोठारावर बावीस वर्षं तिने वजनकाटा सांभाळला होता.

"सोळाशे पौंड," ती म्हणाली. "माणसं, सामान, सगळं धरून हिच्या पाठीवर एवढंच. आपल्या राहायच्या ट्रेलरची मान एकटीच चोवीसशेची. मी काट्यावर घालून बघितलीय."

"अगं, ही बारा हजार ओढते. क्लेटन, सांग हिला."

"ओढते, बाई," गाड्या विकणारा क्लेटन म्हणाला. आपल्या बुटांकडे बघत म्हणाला.

"ओढणं निराळं, पेलणं निराळं. आपला ट्रेलर शेपटीला नाही बांधायचा. त्याची मान हौद्यात टेकते, मागच्या चाकांवर."

वेंडेलने क्लेटनला डोळा घातला. "लग्नाच्या दिवशी हिला उचलून उंबरा ओलांडायला गेलो, तर हिने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. आणि तेव्हा ही शंभर पौंडांचीसुद्धा नव्हती. आता बघतोयस ना?"

क्लेटन हसला. ओपलने कोटाची बटणं लावली.

कुंपणापाशी दुसरी एक पिकअप होती. मागे जोडचाकं, रंग उडालेला, दारावर गंजाचे चट्टे. किंमत तीच. "ती घेऊ या," ओपल म्हणाली. "ती पेलेल."

"गुरं वाहायची ती. ॲरिझोनात नवे शेजारी बघणार, आणि मी त्यातून उतरू?"

घर विकून झालं होतं. अंगण विकलं, अंगणातली सावली विकली, सफरचंदाची दोन झाडं फळांसकट विकली. उरलं ते सगळं त्या ट्रेलरमध्ये: बिछाना, चूल, आईच्या निळ्या काठाच्या बश्या, म्हातारपणाचे सगळे दिवस. बर्फ पडायच्या आत बिगहॉर्नचा डोंगर ओलांडायचा होता.

ट्रेलर जोडला तशी निळी पिकअप मागे बसली. दिवे आभाळाकडे बघू लागले. क्लेटनने स्प्रिंगांजवळ रबराचे फुगे बसवून हवा भरली, आणि ती हळूहळू सरळ झाली.

"आता बोल," वेंडेल म्हणाला.

"फुग्यांनी उंची वाढली. चाकांवरचं ओझं तेवढंच आहे. मी यात बसणार नाही, डेल." वेंडेलला ती डेलच म्हणायची.

"नको बसू. तेवढं वजन कमी."

त्याने तिथेच सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढे निघाला आणि ती जुन्या मोटारीतून मागे. बोलायला दोघांकडे एकेक वॉकीटॉकी. चढण पार पडली. माथ्यावर त्याचा आवाज आला, "कुठंयत तुझे चोवीसशे पौंड? वाटेत सांडले वाटतं."

मग उतार लागला. वळणामागून वळण, खाली पिवळी पानं, त्याखाली दरी. ओपलची नजर पिकअपच्या मागच्या चाकांवरून हलेना. डावं चाक खालून चेपलं होतं, फुगून बाहेर आलं होतं.

"डेल, डावं मागचं चाक बघ. थांब कुठेतरी."

"पुढं जागा आहे."

"आत्ता थांब. रबर जळल्याचा वास येतोय मला."

"बावीस वर्षं काट्यावर बसलीस म्हणून बायबल झालीस का? बंद करतो हे."

खट्ट झालं. नंतर ती नुसतीच बोलत राहिली. डेल, थांब. डेल. हॉर्न वाजवला, दिव्यांची उघडझाप केली. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला आणि माशी हाकलावी तसा हलला.

तिसऱ्या वळणावर चाक फुटलं. ट्रेलरने पिकअपला आडवं केलं, कठड्यावर फरफटत नेलं, आणि मग स्वतःच कुशीवर कलंडला. एक भिंत सोलपटून निघाली. बिछाना रस्त्यावर आला. बश्या फुटण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, एकामागून एक, जणू कुणी आत बसून मोजून फोडत होतं.

वेंडेल दार ढकलून बाहेर आला आणि गवतात बसला. कपाळ फुटलं होतं, बाकी धड होता. ओपल धावत आली. त्याने ट्रेलरकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तू मागेच होतीस," तो म्हणाला. "तुला सगळं दिसत होतं. सांगायचं नाही का नीट?"

ओपलने गळ्यातला रुमाल सोडला, चौघडी केली आणि त्याच्या जखमेवर ठेवली. मग तळहाताने दाबली. "दुखतंय," तो म्हणाला. तिने अजून जरा जोर दिला.