सहादूचे अठरा की वीस

चंद्रभागेच्या दहाव्याला कावळा शिवेना.

गोदाघाटावर शेजारी मांडलेले दुसऱ्या घरचे पिंड कावळे केव्हाच टोचून गेले होते. चंद्रभागेच्या पिंडाकडे मात्र ते भिंतीवरून नुसते बघत होते. खंडेराव मुंडण केलेल्या डोक्याने, ओल्या धोतरात हात जोडून उभा होता. मागे त्याची बहीण कुसाबाई आणि चंद्रभागेचा भाऊ कारभारी. कारभारी लासलगावहून कांद्याचा लिलाव टाकून आला होता, त्यामुळे त्याचं लक्ष निम्मं कावळ्याकडे आणि निम्मं घड्याळाकडे होतं.

"दाजी, कबूल करा कायतरी," तो म्हणाला. "जीव कशात तरी अडकला हाय तिचा."

खंडेरावाने कबूल केलं. पोरीचं लग्न थाटात करीन. कावळे ढिम्म. दुसरी बायको करणार नाही. त्यावर एका कावळ्याने मान फिरवली.

"ते नका सांगू," कारभारी म्हणाला. "तुम्हाला कोण देणार हाय, हे तिला बी ठाऊक."

मग कुसाबाई पुढे झाली. "वहिनी, तुमची पैठणी मी मागणार नाही हो." एक कावळा उडूनच गेला.

गुरुजींना पुढे आणखी दोन घरची कामं होती. ते म्हणाले, "थोडं थांबू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. शास्त्रात सोय आहे."

खंडेरावाला ही सोय पटली नाही. गवताचा कावळा करायचा, आपल्याच हाताने पिंडाला लावायचा आणि शिवला म्हणायचं. म्हणजे चेंडू जाळीत गेलाच नाही आणि गुण मात्र मांडले.

खंडेराव सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचे गुण लिहायला बसायचा. पंच दाखवील तेवढंच लिहायचं, हा त्याचा नेम. साहेबांनी डोळे वटारले तरी त्याने कधी आकडा हलवला नव्हता.

चंद्रभागा समोरच्या पायरीवर बसायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण भुईमुगाच्या शेंगा फार आवडायच्या. बास्केटला दोन गुण आणि शेंगेला दोन टरफलं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हापासून तिचा हिशेब सुरू झाला. बास्केट झाली की एक शेंग फोडायची, दाणे तोंडात आणि टरफलं त्या खेळाडूच्या ढिगात. फ्री थ्रोला गुण एकच, म्हणून टरफलही एकच. दुसरं पुढच्या फ्री थ्रोपर्यंत मुठीत. समोरच्या संघासाठी ती शेंगा फोडत नसे. "त्यांच्यासाठी आपण का खायचं?" त्यामुळे कोणाचे किती हे ती घडाघडा सांगायची, पण सामना कोण जिंकलं हे तिला घरी येऊन नवऱ्याला विचारावं लागे.

सगळ्यांत मोठा ढीग सहादूचा असायचा. सहादू पेठकडच्या डोंगरातला उंच पोरगा. खेळतो म्हणून कारखान्याने त्याला नोकरीला घेतलेलं, आणि रविवारी तो चंद्रभागेकडे जेवायचा. सत्त्याहत्तरच्या अंतिम सामन्यात संघ अकरा गुणांनी जिंकला. सहादूचे कागदावर अठरा झाले, टरफलांत वीस. सर्वांत जास्त गुणांचं बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ, एकोणीस गुणांवर मुंबईच्या पाहुण्या खेळाडूने नेलं.

त्या दिवसापासून दोन वर्षं जेवताना हेच.

"सहादूने आधी ढकललं. शिट्टी झाली. चेंडू नंतर सुटला."

"जाळीतून गेला की नाही?"

"गेला."

"मग?"

"मग काय? तू शेंग एक जास्त खाल्लीस. आणि आपण जिंकलो ना?"

"जिंकलात तुम्ही. पोराचे दोन गेले."

दवाखान्यात शेवटी तिला बोलवत नव्हतं. खंडेराव तिच्याजवळ बसून नुसता "अठरा" म्हणाला, तर तिने दोन बोटं वर केली. पंच बास्केट झाल्यावर करतो तशी.

आता पिंडाशेजारी कुसाबाईने तिच्या आवडीच्या म्हणून मूठभर शेंगा ठेवल्या होत्या. सगळ्यांपेक्षा वीतभर उंच सहादू पाठीमागे उभा होता. तो वाकून म्हणाला, "भाऊ, सांगून टाका ना काकूंना, वीस म्हणून."

"पंचाने दिली नाही ती बास्केट."

"पंच कुठं बघाया आलाय?" कारभारी म्हणाला. "ताई लय हट्टी होती, तुम्ही तिच्यावर कडी. बोला एकदाचं!"

एकीकडे गवताचा कावळा, दुसरीकडे खोटा आकडा. खंडेरावाने घसा खाकरला. "चंद्रे, सहादूचे वीस."

कावळे हलले नाहीत.

"वीस, ऐकलंस का? लिहून देतो."

भिंतीवरच्या एका कावळ्याने पाठ फिरवली. गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि गाठ मारायला सुरुवात केली. ती गाठ बघून खंडेरावाचा तोल गेला.

"वीस कसे होतील? आँ? शिट्टी आधी झाली होती! साऱ्या मैदानाने ऐकली, तुला तेवढी ऐकू आली नाही! अठरा म्हणजे अठरा!"

घाटावरचे लोक वळून बघायला लागले. तेवढ्यात भिंतीवरचा कावळा सरळ खाली आला आणि त्याने भातात चोच मारली.

कारभारीने हात जोडले. "कबूल केलंत, म्हणून आली."

"कबूल केलं तेव्हा कुठे आली?" खंडेराव म्हणाला.

"मग आता कशाला आली?"

कावळ्याने दोन घास खाल्ले, एक शेंग उचलली आणि परत भिंतीवर जाऊन फोडली. टरफलं खाली पडली. सहादूने ती दोन्ही वेचून शर्टाच्या खिशात टाकली.

"फेकून दे ती," खंडेराव म्हणाला. "शिट्टीनंतरची आहेत."

पण सहादूने ती फेकली नाहीत.