तळहातातली शिट्टी

मुलाचे ओठ हलले. काय म्हणाला ते बाईंना कळलं नाही, कारण त्यांची दोन्ही श्रवणयंत्रं त्या क्षणी समोरच्या टेबलावर, पांढऱ्या रुमालावर पडलेली होती. पण घाई करत असणार, हे त्या न ऐकताच ओळखून होत्या. त्यांनी बोट वर केलं: थांब. तो थांबला. दाराशी त्याने आणलेली रिकामी बॅग तोंड वासून उभी होती.

बॅग त्यांच्या कपड्यांसाठी होती. गेल्या महिन्यात गॅसवर दूध करपून जिना धुराने भरला, शेजारी बेल वाजवून थकले, शेवटी त्यांनी दार फोडलं, तेव्हा बाई बाल्कनीत निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सापडल्या. एकटं राहणं पुरे झालं, असं मुलाने त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. बाईंनी हुज्जत घातली नाही. कानाच्या मशीनची निगा मी कशी राखते ते एकदा समोर बसून बघ, मग हवं तर ने मला, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. चुकलीस तर मुकाट्याने यायचं, या अटीवर तो कबूल झाला होता.

कानाच्या आकाराचे दोन्ही साचे त्यांनी नळ्यांसकट यंत्रांपासून सोडवले आणि साबणाच्या कोमट पाण्यात बुडवले. यंत्रांना मात्र पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. कोरड्या फडक्याने पुसली, मऊ ब्रशने खाचा झाडल्या. मुलाचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला.

उमेदीची सारी वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. पाळी संपली की आपला हेडफोन आपल्याच रुमालाने पुसून पुढच्या बाईच्या हाती द्यायचा, असा तिथला शिरस्ता. दुसरा शिरस्ता त्यांना पहिल्याच दिवशी एका वडीलधाऱ्या ऑपरेटरने सांगितला होता: "इथं कानात पडतं ते पोटात ठेवायचं." त्या तारांवरून जन्माच्या बातम्या गेल्या, मोडलेली लग्नं गेली, अनोळखी पुरुषांचे हुंदके गेले. बाईंनी त्यातला एक शब्दही घरी आणला नाही. ज्या कानांनी एवढं सांभाळलं, त्यांच्यातून आधी बारीक, उंच आवाज निघून गेले. मग उरलेले, एकेक करून.

त्या बारीक आवाजांतच यंत्राची शिट्टी होती. चालू यंत्र मुठीत झाकलं की ते शिट्टी वाजवतं. शिट्टी आली म्हणजे ते जिवंत. ती त्यांना स्वतःला ऐकू येत नसे. त्या मूठ झाकत आणि समोरच्या वेताच्या खुर्चीकडे पाहत. तिथे बसलेले त्यांचे यजमान वाचनातून डोकं वर न काढता एक बोट वर करत. वाजलं. की बाई यंत्र कानावर चढवत.

यजमान गेल्यानंतरच्या एका सकाळी साचे धुताना नळ्यांत पाणी राहून गेलं. बाईंनी मूठ झाकली, खुर्चीकडे पाहिलं, सवयीने मान डोलावली आणि मुकी यंत्रं कानांवर चढवली. घरात कुठेच आवाज नव्हता. माणूस गेलं की घर असंच गप्प होत असेल, असं त्यांना वाटलं, आणि गॅसवर दूध ठेवून त्या वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत जाऊन बसल्या. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

आता त्यांनी रबरी फुंकणीने दोन्ही नळ्यांतून हवा सोडली. रुमालावर पाण्याचा एक टिपका उमटला. साचे जोडले. उजवं यंत्र कानावर चढवलं, डावं चालू करून मुठीत झाकलं आणि ती मूठ उजव्या कानाजवळ नेली.

वेताच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचं बोट नकळत वर झालं, अगदी बापासारखं.

"दिसलं," बाई म्हणाल्या. "पण मी आधी ऐकलं."

तो बघतच राहिला. "हे तू कधी शोधलंस?"

"शोधायचंय काय त्यात? एक लाइन दुसरीवरून तपासायची, आयुष्यभर तेच केलं. उजव्याने डाव्याची शिट्टी ऐकली म्हणजे दोन्ही चालू. घरी तुझे बाबा होते, म्हणून कधी गरज पडली नाही."

"आणि नाही ऐकू आली तर?"

"तर गॅस पेटवायचा नाही. आधी नळी बघायची." त्यांनी डावं यंत्र चढवलं. "तू येशील तेव्हा दुधाचं पातेलं मात्र नवीन आण. ते काही धुऊन निघेना."

तो हसला. मग बॅगेची चेन त्याने ओढून बंद केली. त्या रिकाम्या बॅगेची चेन सरकताना बाईंनी शेवटच्या दातापर्यंत ऐकली.

निरोप घेऊन तो जिना उतरू लागला. खालच्या वळणावर पावलं थांबली. त्याने बायकोला फोन लावला होता.

"नाही येत ती. अगं, भांडण कसलं? जमतंय तिला सगळं." मग थोडं थांबून, "मलाच वाटलं, ती आली की घर जरा…"

पुढचं वाक्य तुटलं. बाप गेला तेव्हा चारचौघांत जो रडला नव्हता, तो वळणावर उभा राहून लहानपणीसारखा, श्वास कोंडून रडत होता.

बाईंचा हात कडीवर होता. एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि तिथेच थबकलं. मग ते त्यांनी आत घेतलं आणि एक्स्चेंजमध्ये दोघांचं बोलणं चालू असताना आपला ऐकायचा खटका वर करून बंद करावा तशा हलकेपणाने, कडीचा आवाज खाली जाणार नाही असं, दार लावून घेतलं.