बासरी हे आळशी माणसाचं वाद्य

आमच्या ह्यांना सिनेमा आवडतो असं कुणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. ह्यांना सिनेमा आवडत नाही, स्वतःचं मत आवडतं. सिनेमा नुसता निमित्ताला.

बारामतीत ह्यांचं दुकान आहे, ट्रॅक्टरला साउंड बसवून द्यायचं. कारखाने सुरू झाले, की ऊस वाहणारे ड्रायव्हर दारात रांग लावतात. पण पेनड्राइव्हमध्ये गाणी भरायची ती ह्यांच्या, म्हणजे मकसूदभाईंच्याच पसंतीची. सांगवीच्या संभाजीरावांनी डीजेची गाणी मागितली, तर ह्यांनी कव्वाल्या भरून दिल्या. वर उपदेश, "एवढा गोड माल वाहताय, कानाला बी जरा गोडी लावा."

आणि मतं तरी किती! हिरोच्या मागे घोळका नाचायला लागला, की ह्यांचा सवाल, "ही पोरं कामाला कवा जात्यात?" जाड पुस्तक म्हणजे लिहिणाऱ्याला थांबायचं कळलं नाही. गळ टाकून मासे धरणं म्हणजे भुकेल्या जिवाला फसवणं. कॅरम हा एकच खेळ, बाकी सगळं उन्हात उभं राहणं. बासरीबद्दल तर बोलायचीच सोय नाही. "आळशी माणसाचं वाद्य. जागचं हलाया बी नको!"

आमची एकुलती एक रुक्सार. तिची स्थळं ह्याच मतांवर आपटत होती. कन्हेरीचा चांगला कमावता मुलगा रिमिक्स ऐकतो म्हणून परत गेला. रुक्सारच्या मनात मात्र कॉलेजातला मुबीन होता. इंदापूरचा, घरचं पंखे-मिक्सरचं दुकान. तिनं मला सांगितलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "आधी त्याच्याकडून अब्बांचा अभ्यास करून घे."

पोरीनं करून घेतला. मी भाकरी थापत असायचे आणि ती फोनवर दटावत असायची, "कॅरम म्हण. माशाचं नाव काढलंस तर संपलं सगळं."

रविवारी मुबीन आपल्या खालाला, म्हणजे मावशीला, घेऊन आला. ह्यांनी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"गाणं कसं असावं?"

"कव्वाली, चाचा."

"पुस्तक?"

"बारीक. लिवणाऱ्याला थांबायचं कळाया पायजे."

"बासरी?"

"आळशी माणसाचं वाद्य."

मला वाटलं, आता हे उठून मिठी मारतात. पण प्रत्येक उत्तरागणिक ह्यांचं तोंड पडत चाललं होतं. शेवटी म्हणाले, "बरं. कळवतो."

कळवतो म्हणजे नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रुक्सार ट्रे घेऊन आत आली आणि ओट्याला टेकून रडायलाच लागली. मी ह्यांना आत बोलावलं.

"काय कमी हाय पोरात?"

"त्याला सोताचं मतच न्हाय, मुनिरा. माझंच मला ऐकवतोय. असल्या होयबाच्या हातात पोर द्यायची व्हय?"

मग माझा तोल गेला.

"मला कव्वाली आवडत न्हाय," मी म्हणाले. "कधीच आवडली न्हाय. मला मारामारीचं सिनेमं आवडत्यात, गाड्या उडत्यात तसलं. लगीन झाल्यापास्नं नुसती मान हलवतीया मी."

हे साखरेच्या डब्याला धरून उभे राहिले. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी आवडत हुता म्हणून! ते पोरगं बी तेच करतंय, रुक्सारसाठी."

ह्यांनी डबा सोडला. मग सरळ बाहेर गेले आणि मुबीनसमोर बसले.

"पोरा, खरं सांग. तुला सोताला काय आवडतं?"

मुबीननं दाराकडं पाहिलं. रुक्सार डोळे पुसत म्हणाली, "सांग."

"बासरी," तो कसाबसा म्हणाला. "मी वाजवतो, चाचा."

खालानं कप खाली ठेवला. मी मनात दुवा मागायला लागले. हे जरा पुढं सरकले.

"दम लागतो का वाजवताना?"

"लय लागतो."

"मग आळशी न्हाय म्हणायचा," हे म्हणाले आणि खालाकडं वळले. "तारीख काढा. पण माझ्या दुकानात वाजवायची न्हाय."

संध्याकाळी मी टीव्हीवर माझ्या आवडीचा सिनेमा लावला, आवाज मोठा करून. हे येऊन शेजारी बसले. हिरोनं एका लाथेत जीप उलटी केली.

"कसा हाय?" मी विचारलं.

ह्यांचं मत ओठापर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं आणि मान हलवली.

"छान हाय."