राक्षसीचा जबडा

गाझियाबादमधल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तकांशेजारी जुन्या वस्तूंचं एक काचेचं कपाट होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अलकाताईंनी वाचनालय अंगावर घेतलं, तेव्हा ते कपाटही त्यांच्याकडे आलं. त्यातली लाकडी राक्षसी त्यांची विशेष लाडकी. कुडाळकडच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मंडळात झाला होता, तेव्हा खेळवाल्यांनी ती भेट दिली होती. दोरी ओढली की तिचा जबडा उघडायचा.

एका सकाळी तिच्या पायाशी पिवळा भुसा दिसला. भुंग्याने मान पोखरली होती. औषध मारलं, पण ती फार दिवस टिकेलसं वाटेना. निदान तिचा हुबेहूब थ्रीडी नमुना संगणकात राहावा, म्हणून अलकाताईंनी दिल्लीतल्या एका कंपनीला विचारलं. तो खर्च मंडळाला झेपणारा नव्हता.

पुस्तक बदलायला आलेली केतकी नोएडात डिझाइनचं काम करायची. ती म्हणाली, “काकू, कंपनी कशाला? फोनने सगळीकडून भरपूर फोटो काढायचे. ते जोडून आकार बनवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.”

“अच्छा? मग चलो, आजच करू!”

केतकीने घरून केक सजवायचं फिरतं ताट आणलं. राक्षसीला काठीला बांधून त्यावर उभं केलं. ताट थोडं फिरवायचं, फोटो काढायचा, पुन्हा फिरवायचं. संध्याकाळी आकार पडद्यावर आला, पण गालांना मोठी भगदाडं!

“रंग चमकतो ना, सॉफ्टवेअर गोंधळलं,” केतकी ओशाळून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अलकाताईंनी ट्यूबलाइट बंद केली आणि खिडकीवर आपली पांढरी सुती साडी लावली. मऊ उजेडात काढलेल्या फोटोंतून राक्षसी अखंड उतरली. पटाशीचे घावसुद्धा दिसत होते.

खेळवाल्यांचा मुलगा दामू याला त्यांनी ती फोनवर पाठवली. त्याचा लगेच फोन आला.

“बाई, आमच्याकडची पुरात गेली. वडील गेल्यावर तसा जबडा आम्हाला जमलाच नाही. बाजूने दिसेल का?”

“बोटाने फिरवा, दामू.”

दामूने पडद्यावरची राक्षसी बाजूने वळवली.

“अरे! जबड्याचा खिळा कानाजवळ आहे होय? आम्ही खाली मारत होतो.”

महिन्याभराने त्याचा व्हिडिओ आला. कोऱ्या, बिनरंगाच्या लाकडाची नवी राक्षसी टकटक जबडा हलवत होती. अलकाताईंनी तो पुन्हापुन्हा पाहिला आणि केतकीला फोन लावला.

“रविवारी मोकळी आहेस का गं? कपाटात अजून बरंच काही आहे.”